सासवडचा मास्तर : आचार्य अत्रे यांची ओळख



शारजाहून दुबईला रोज कामावर जाणाऱ्यांना ट्रॅफिक म्हणजे काय ते सांगायला नको. आम्ही चौघे मित्र एकाच गाडीने जायचो. चौघेही इंजिनीअर, चौघेही आयटीत आणि चौघेही तिशीत. सकाळचा तास-सव्वा तास आणि संध्याकाळचा त्याहून जास्त वेळ रस्त्यावर. आधी गाणी ऐकून झाली. मग एकाने मराठी पॉडकास्ट लावायला सुरुवात केली. जुने सिनेमे, वर्तमानपत्रांचा इतिहास, महाराष्ट्राचे राजकारण, काही म्हणून सोडले नाही. ऑफिसात चहाच्या वेळी त्याच विषयावरचे लेख एकमेकांना पाठवायचो. हळूहळू एक गंमत लक्षात आली. विषय सिनेमाचा असो, पेपरचा असो नाहीतर राजकारणाचा, एक नाव हटकून यायचे. आचार्य अत्रे!

तरीही आम्हाला त्यांच्याबद्दल फारसे काही माहीत नव्हते, हे आपल्या मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात कळले. मुलांच्या प्रश्नमंजुषेची जबाबदारी आमच्याकडे होती. एका छोट्या मुलीने उलट आम्हालाच विचारले की आचार्य अत्रे कोण होते. आम्ही सांगितले, मोठे विनोदी लेखक होते. ती सुट्टीत मुंबईला जाऊन आली होती. तिथल्या भुयारी मेट्रोत वरळीला आचार्य अत्रे चौक नावाचे स्टेशन आहे, ते तिने पाहिले होते. विनोद सांगणाऱ्या माणसाचे नाव मेट्रो स्टेशनला कशाला देतील, अशी तिची शंका. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. पुढचा प्रश्न घेतला आणि वेळ मारून नेली.

हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. अत्र्यांच्या नावावर व्हॉट्सअॅपवर शेकडो किस्से फिरतात. कुणाला कसे टोमणे मारले, सभेत कुणाची कशी जिरवली वगैरे. त्यातले खरे किती आणि मागाहून जोडलेले किती हे ठरवणे अवघड आहे. म्हणून ते सगळे आम्ही बाजूला ठेवले. खरे आयुष्य त्या किश्श्यांपेक्षा कितीतरी मोठे आहे.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा. गाव कोडीत, पुणे जिल्ह्यात सासवडजवळ. आपल्यापैकी जे पुण्याकडचे आहेत त्यांना हा भाग माहीत असेल. दिवेघाट चढून गेले की सासवड. शेजारी पुरंदर किल्ला, गावात सोपानदेवांची समाधी आणि गावातून वाहणारी कऱ्हा नदी. पुढे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी त्याला या नदीचेच नाव दिले, 'कऱ्हेचे पाणी'. ते अनेक खंडांचे आहे.

शिक्षणासाठी ते पुण्यात आले आणि १९१९ साली फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या वयात त्यांना राम गणेश गडकरी भेटले. गडकऱ्यांना ते गुरू मानत. भाषेचा तो धबधबा, ते शब्दांचे खेळ, हसता हसता डोळ्यांत पाणी आणण्याची ती ताकद, हे सगळे त्यांनी गुरूकडून घेतले असे म्हटले तर चुकणार नाही.

पण पोटापाण्याचा धंदा होता मास्तरकीचा. आधी मुंबईच्या शाळांत, नंतर पुण्याच्या कॅम्पात. कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि तिथे त्यांनी बरीच वर्षे काढली. मधे लंडनला जाऊन १९२८ साली शिक्षणशास्त्रातली पदविका घेऊन आले. त्या काळी विलायतेहून आलेला माणूस सरकारी नोकरीत सहज चिकटला असता. अत्रे मात्र परत आपल्या शाळेत आले.

शाळेत त्यांना एक गोष्ट खटकत होती. मुलांच्या हाती पडणारी मराठी पुस्तके रटाळ होती. मग त्यांनी स्वतःच क्रमिक पुस्तके तयार केली. 'नवयुग वाचनमाला' प्राथमिक वर्गांसाठी आणि 'अरुण वाचन' मोठ्या मुलांसाठी. मुलाला पुस्तक उघडावेसे वाटले पाहिजे, हा त्यामागचा विचार. आपल्या मंडळाच्या मराठी वर्गात शिकवणाऱ्या ताईंना विचारा, त्या सांगतील की ही अडचण आजही तीच आहे. इथे जन्मलेले मूल घरात मराठी बोलते, पण पुस्तक पुढे केले की जांभई देते. अत्र्यांनी यावर भाषणे दिली नाहीत, पुस्तके करून दाखवली.

त्याच दरम्यान, १९२५ साली, त्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबन कवितांचा संग्रह आला. कवितेसाठी त्यांनी केशवकुमार हे टोपणनाव घेतले होते. त्या काळी रविकिरण मंडळातल्या कवींचा बोलबाला होता. त्यांच्या लकबी अत्र्यांनी अशा काही उचलल्या की लोक हसून हसून बेजार झाले. मराठीत विडंबन आधीही होते, पण त्याला स्वतःची खुर्ची मिळाली ती या पुस्तकाने.

मग आले नाटक. १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आले. सूर्यनमस्काराने जगातले सगळे प्रश्न सुटतात असे मानणारा एक गृहस्थ आणि त्याच्याभोवती आपापल्या वेडाने झपाटलेली माणसे, अशी ती धमाल. त्या वेळी बोलपटांमुळे मराठी नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या. अशा पडत्या काळात अत्र्यांच्या नाटकांनी प्रेक्षक पुन्हा थिएटरात आणले. 'घराबाहेर', 'उद्याचा संसार', 'लग्नाची बेडी' ही त्याच दशकातली. यातली 'घराबाहेर' आणि 'उद्याचा संसार' ही घरात घुसमटणाऱ्या बाईची बाजू मांडणारी गंभीर नाटके आहेत. आमच्या पिढीला त्यांचे 'मोरूची मावशी' आठवते ते विजय चव्हाणांमुळे. आणि १९६२ सालचे 'तो मी नव्हेच' प्रभाकर पणशीकरांमुळे. फिरता रंगमंच, एकाच नटाच्या पाच भूमिका आणि लग्नाच्या नावाखाली बायकांना फसवणारा तो लखोबा लोखंडे. आपल्याकडे अजूनही थापाड्या माणसाला लखोबा म्हणतात, इतके ते पात्र भाषेत मुरले आहे.

ज्या सिनेमाने नाटकाला खाली खेचले त्या सिनेमातही अत्रे शिरले. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी पटकथा लिहिल्या. १९३८ सालचा 'ब्रह्मचारी' हा त्यातला सगळ्यात गाजलेला. एक भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा तरुण आणि त्याची शपथ मोडायला निघालेली नायिका. मीनाक्षी शिरोडकर यांनी त्यात पोहण्याच्या पोशाखात गाणे म्हटले आणि महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! पुढच्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' आला. दामूअण्णा मालवणकरांचा भोळा नायक ब्रँडी शोधत गावभर फिरतो, अशी ती गोष्ट. मुंबईत दारूबंदीचा गाजावाजा चालू होता तेव्हाचा हा सिनेमा! पुढे अत्र्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली. त्यात पैसा आला तसा गेलाही.

आता १९५३ साल. साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक तोपर्यंत घरोघरी पोहोचले होते. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक. गुरुजी जाऊन तीन वर्षे झाली होती. अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला. लेखक, निर्माता आणि दिग्दर्शक तेच. आईच्या भूमिकेत वनमाला, श्यामच्या भूमिकेत माधव वझे, संगीत वसंत देसाईंचे. केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू केले ते १९५४ साली. पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले. त्या वर्षी स्पर्धेत बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'ही होता. देशातले पहिले सुवर्णपदक एका मराठी सिनेमाला, तेही कोकणातल्या एका गरीब आईच्या गोष्टीला! लागोपाठ पुढच्या वर्षी त्यांच्या 'महात्मा फुले' या सिनेमाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. फुल्यांचे काम आजच्यासारखे सगळ्यांना माहीत नव्हते, तेव्हा अत्र्यांनी ते पडद्यावर आणले. या सिनेमाच्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते.

योगायोग बघा. सुजय डहाके यांनी नव्याने केलेला 'श्यामची आई' २०२३ साली आला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. सत्तर वर्षांनी तीच आई पुन्हा दिल्लीला पोहोचली!

इथपर्यंतचे आयुष्य एखाद्याला पुरले असते. अत्र्यांचे निम्मे अजून बाकी आहे.

राजकारणाशी त्यांचा संबंध जुना होता. पुण्याच्या नगरपालिकेत ते काँग्रेसतर्फे निवडून गेले होते आणि स्थायी समितीचे अध्यक्ष झाले होते. पुण्यातल्या रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले त्यामागे त्यांचा पुढाकार होता. १९४० साली त्यांनी 'नवयुग' साप्ताहिक सुरू केले. १९४२ साली ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण ज्या कामासाठी महाराष्ट्र त्यांना विसरू शकत नाही ते पुढेच आहे.

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. इतर भाषकांना आपापली राज्ये मिळत होती. मराठी आणि गुजराती लोकांचे मात्र एकच द्विभाषिक राज्य करावे, असे आयोगाने सुचवले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा मुंबईत गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभरावर माणसे गेली. १०६ हुतात्मे हा आकडा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट, शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे असे एकमेकांशी अजिबात न पटणारे लोक एका व्यासपीठावर आले. त्या व्यासपीठाचा सर्वात मोठा आवाज अत्र्यांचा होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले आणि बरोबर दोन आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांनी 'मराठा' हे दैनिक सुरू केले. आजच्या भाषेत सांगायचे तर चळवळीला स्वतःचे चॅनेल मिळाले. सकाळी 'मराठा'चा अग्रलेख आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर नाहीतर कामगार वस्तीत सभा. वाचता न येणाऱ्यांसाठी चाळीत कुणीतरी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. पॉडकास्ट आपल्याला नवीन वाटतो, पण हे तरी दुसरे काय होते?

या लढ्यात त्यांना आयुष्यभराचा शिक्षकीपणा कामाला आला असे आम्हाला वाटते. अवघड राजकीय प्रश्न गिरणीतल्या कामगाराला कळेल अशा भाषेत सांगायचा, मधेच हसवायचे, वर्ग कंटाळू द्यायचा नाही आणि शेवटी धडा पक्का करून घ्यायचा. कॅम्पातल्या शाळेतल्या वर्गाची जागा मैदानाने घेतली, एवढाच काय तो फरक. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जोरदार धक्का दिला. अत्रे स्वतः विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. शेवटी १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी हा भाग मात्र बाहेर राहिला, तो आजतागायत.

आता थोडी अडचणीची गोष्ट. अत्र्यांची लेखणी फार बोचरी होती. मोरारजी देसाई, स. का. पाटील यांच्यावर त्यांनी जे लिहिले त्यातले बरेचसे आज छापायला कुणी धजणार नाही. ना. सी. फडक्यांशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. १३ ऑगस्ट १९६० रोजी, म्हणजे योगायोगाने अत्र्यांच्याच वाढदिवशी, 'मार्मिक' सुरू झाले. प्रबोधनकारांशी खांद्याला खांदा लावून लढलेल्या अत्र्यांचे पुढे त्यांच्या मुलाशी, म्हणजे बाळासाहेब ठाकऱ्यांशी जाहीर भांडण जुंपले. दोन्हीकडून पातळी सुटली. समितीतल्या सहकाऱ्यांशीही खटके उडाले. कौतुक करायचे तर गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही, इथून सुरुवात. शिव्या द्यायच्या तर त्यालाही तेच माप! मधले काही त्यांना ठाऊकच नव्हते. शब्दाने किती जखम होते हे त्यांच्याइतके कुणाला कळत असेल? तरी ते थांबले नाहीत. त्यांना मोठा माणूस म्हणताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही.

आणि हे वाचत असतानाच आमच्या गाडीत भांडण झाले. गेल्या निवडणुकीच्या वेळी एका पॉडकास्टवरून विषय निघाला, आवाज चढले. मग ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले आणि तिथे नको ते लिहिले गेले. आमच्याकडूनही लिहिले गेले. दुसऱ्या दिवसापासून चौथा मित्र मेट्रोने जाऊ लागला. देशापासून दोन हजार किलोमीटर दूर बसून, जिथे आपले मतही नाही, अशा मतदारसंघावरून सात वर्षांची मैत्री गेली. गाडीत आता तिघेच असतो.

म्हणून अत्र्यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी आम्हाला सगळ्यात जास्त भिडल्या.

पहिली डिसेंबर १९५६ ची. 'मराठा' सुरू होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब आंबेडकर गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी लाखोंचा जनसमुदाय लोटला. त्या चितेपुढे बोलायला अत्रे उभे राहिले. नंतर त्यांनी 'मराठा'त बाबासाहेबांवर लेखमाला लिहिली. चळवळ ऐन भरात असताना पेपरची जागा त्यांनी या शोकासाठी मोकळी केली.

दुसरी २७ मे १९६४ ची. त्या दिवशी नेहरू गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्या माणसावर अत्र्यांनी वर्षानुवर्षे तोफा डागल्या, प्रतापगडावर ज्यांच्यासाठी काळी निशाणे दाखवली गेली, तेच हे नेहरू. अत्र्यांनी त्यांच्यावर लेखांची मालिकाच लिहिली. पुढे त्याचे 'सूर्यास्त' नावाचे पुस्तक झाले. त्यात जुना हिशोब चुकता करण्याची खुमखुमी नाही. मोठा माणूस गेल्याचे दुःख आहे. लढाई मुद्द्याची होती, मुद्दा सुटला होता. माणूस त्याहून मोठा होता, हे कबूल करायला त्यांची लेखणी अडखळली नाही.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्रे गेले. सत्तर वर्षे दहा महिन्यांचे आयुष्य. 'मराठा' आज बंद आहे. समिती कधीच विरली. पण सासवड, कल्याण, पिंपरी इथल्या सभागृहांना, नाट्यगृहांना त्यांचे नाव आहे, आणि मे २०२५ पासून मेट्रो वरळीच्या त्या चौकात थांबू लागली. त्याच वरळीत त्यांचे घर आणि 'मराठा'ची कचेरी होती.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून ज्या लोकांनी जिवाचे रान केले, त्यांच्यातला हा एक माणूस. तो आधी शाळेत शिकवायचा. त्याने तुझ्यासारख्या मुलांसाठी पुस्तके केली, मोठ्यांना हसवले, आईवरचा सिनेमा काढून सगळ्यांना रडवले आणि एक पेपर काढून सरकारला हलवले. तो चुकायचाही. पण ज्यांच्याशी भांडला त्यांच्यासाठी रडायची त्याला लाज वाटली नाही. म्हणून स्टेशनला त्याचे नाव आहे.

मंडळी, जाता जाता एक विनंती. मुलांसोबत १९५३ चा 'श्यामची आई' एकदा जरूर बघा. काळा-पांढरा आहे म्हणून सुरुवातीला कुरकुरतील, पण पंधरा मिनिटे धीर धरा. पुढच्या शनिवारी आम्ही घरी दाखवणार आहोत. चहा आणि कांदाभजी आमच्याकडून. आमच्या चौथ्या मित्रालाही निरोप पाठवला आहे. मेसेजवर दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर अजून आलेले नाही. त्याच्यासाठी खुर्ची ठेवतो आहोत.

जय महाराष्ट्र!